घरटी चिमूटभर भंडारा

भागोजी पक्कड घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मशीन चालू होती. ऊन डोक्यावर आलं होतं. डेऱ्यात लोणी नुकतंच दाण्यादाण्यानं वर यायला लागलं होतं आणि त्या घरघरीत त्याचं बोलणं मला ऐकूच आलं नाही. त्यानं हात हलवून बंद कर अशी खूण केली.

"आत्ता न्हाई," मी ओरडले. "लोणी फुटलंय. जरा दम धर."

"काकी, बंद कर. तुझी वायर काढायला सांगितलंय."

मी बटण दाबलं. घरघर थांबली आणि घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"कुणी सांगितलं?"

"दिव्याच्या कमिटीनं."

"कमिटी म्हंजे कोण रं? तू, राणूआजा आणि भावजी. तू सांगितलंस का राणूआजानं?"

भागोजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मला उत्तर मिळालं. भावजी म्हणजे माझे थोरले दीर, बमू झोरे. वाडी त्यांना बमूआबा म्हणायची. माझा नवरा गेल्यापासून त्यांनीच आमच्याकडे बघितलं होतं, मुलीच्या पायाला काटा रुतला तरी धावत यायचे. पण दसऱ्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. वाटेत भेटले तरी बांधाकडे बघत निघून जायचे.

कारण दिव्याचं होतं. आमचा धनगरवाडा धरणाच्या वरच्या अंगाला, रानात. डोक्यावरून मोठमोठ्या तारा गेलेल्या, पण त्यातली वीज आमच्यासाठी नव्हती. मग एका संस्थेच्या माणसांनी उतारावर सोलरच्या पाट्या बसवल्या, देवळाशेजारी बॅटऱ्यांची खोली बांधली आणि घरोघर तारा ओढल्या. घरटी दोन बल्ब आणि फोनचं चार्जिंग. कुडावर एक पेटी. दिवसाचा वाटा संपला की पेटी आपोआप बंद होणार, म्हणजे कुणी कुणाचं ओरबाडायला नको. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. बाया दिव्याखाली निवांत भाकऱ्या थापायला लागल्या. आणि दसऱ्यापासून रोज, नेमकी जेवणं चालू असताना, अख्खी वाडी काळोखात जायला लागली.

ऊन तर लख्ख होतं. भागोजी पाट्या पुसत होता, बॅटऱ्यांत पाणी घालत होता. त्याला शिकवलं होतं तेवढंच. संस्थेच्या माणसांना निरोप गेला होता, पण ती कधी उगवणार ते त्यांनाच ठाऊक. तोवर वाडीनं आपला आपण हिशोब लावला. दसऱ्यापासून दिवे जातात. दसऱ्याला वाडीत नवीन काय आलं? ठकूची ताक घुसळायची मशीन.

ते खरंच होतं. आदल्या पावसाळ्यात ओढ्याच्या दगडावरून घसरून माझा उजवा हात मनगटात मोडला होता. झाडपाल्यावाल्यानं बांधला, तो वाकडाच बसला. रवीची दोरी ओढायला गेलं की मनगटातून कळ निघून थेट दातापर्यंत जायची. आमच्याकडचं दूध बाजारापर्यंत टिकत नाही, वाट लांबची. त्याचं लोणी करायचं आणि ते विकायचं, हाच धंदा. लोणी नाही तर म्हशी ठेवून काय करायचं? म्हशी विकायच्या आणि मुलीला काखेत मारून भावाच्या दारात जाऊन बसायचं. म्हणून भावानंच ती मशीन आणून दिली. कमिटीला विचारून लावली होती. ऊन डोक्यावर असतानाच चालवायची, या बोलीवर मला मोठी पेटीही दिली होती.

"भागोजी, मी दुपारच्याच वक्ताला लावते. तूच बघतोयस."

"मी बघतोय गं. पण लोक म्हणत्यात, तू पेटीच्या अलीकडनं चोरून वायर घेतलीस. सांजचंही लावतेस."

"लोक का भावजी?"

"आता मला कशाला बोलायला लावतेस?" त्यानं पक्कड खिशात घातली. "आज काढत न्हाई. उद्या ऐतवार हाय, देवळात सगळे जमणार हायत. तिथं तू भंडारा उचल. उचललास तर ठीक. न्हाई उचललास तर मला वायर काढावीच लागंल, आणि मशीन पण वाडीत ठेवायची न्हाई, असं ठरलंय."

तो गेल्यावर मी पुन्हा बटण दाबलं. पण लोणी बिघडलं होतं. गोळा बसलाच नाही.

बिरोबाच्या पुढचा भंडारा उचलणं म्हणजे काय हे आमच्यात पोरालाही कळतं. हळदीची चिमूट तळहातावर घ्यायची, देवाकडे तोंड करायचं आणि शपथ घालून बोलायचं. खोटं बोललेल्याचं काय होतं याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. माझ्या मनात खोट नव्हती, त्यामुळे भंडाऱ्याची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. एकट्या बाईला देवापुढं उभं केलं की ती चोर ठरते. शपथ घेऊन सुटली तरी लोक म्हणतात, बघू की, वर्षभरात काय होतंय. म्हैस आटली तरी बोट, पोरगी तापली तरी बोट.

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात सगळी वाडी बसली होती. बाप्ये एकीकडे, बाया एकीकडे. देऊळ म्हणजे दगडाच्या भिंती आणि वर पत्रा. गाभाऱ्यात मोठा हॅलोजन जळत होता. मुंबईला असलेल्या जानूनं, म्हणजे भावजींच्या एकुलत्या एक मुलानं, तो पाठवला होता. भर उन्हातही त्याचा उजेड उंबऱ्याच्या बाहेर फुटभर येत होता. देवाचा टाक असा चमकत होता की नजर ठरू नये. आमच्या वाडीचा तो थाट होता. पाहुणे आले की आधी देऊळ दाखवायचे.

भावजी उंबऱ्याजवळ भंडाऱ्याची वाटी घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला म्हणावं पुढं ये."

मी गेले. आवाज कापू द्यायचा नाही असं ठरवूनच घरून निघाले होते.

"भंडारा मी उचलते. पण एकटी न्हाई उचलणार. घरटी एक माणूस उचलंल."

पटांगणात कुजबूज उठली.

"संशय ज्याच्यावर, त्यानं उचलायचा," भावजी भागोजीकडे बघत म्हणाले. "सांग तिला."

"काय सांगायचं?" मीच बोलले. "भावजी, मी हितंच उभी हाय. संशय माझ्यावर का, तर मशीन हाय म्हणून. मग चोरून वायर टाकायला मशीनच लागती का? दिवा सगळ्यांच्या घरात हाय. माझं मन साफ हाय. तुमचं सगळ्यांचं साफ असंल तर चिमूटभर हळदीला का भ्यायचं?"

राणूआजा खोकत उठला. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस.

"ठकूचं खरं हाय. मी उचलतो पहिला. मला तर अंधारातच झोप येती, तो बल्ब म्हातारीनं बळंच लावलाय."

बायांत हसू फुटलं. भावजींना हसू आलं नाही, पण म्हाताऱ्यापुढं ते काही बोलले नाहीत. राणूआजानं भंडारा तळहातावर घेतला आणि त्याचा आवाज बदलला.

"बिरोबा, मी पेटीच्या अलीकडनं वायर घेतली असंल, वाट्याच्या वरचं वापरलं असंल, तर माझी दुभती म्हस वाघानं न्यावी."

त्याच्यामागून मी उचलला. तीच शपथ. डाव्या हातानं नाही. त्या वाकड्या उजव्याच हातानं उचलला आणि कळीनं डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं असेल रडते म्हणून.

मग एकेक घर उठायला लागलं. सुरुवातीला पटापट. मग जसजशी माणसं सरत गेली तसतसं पटांगण गप्प होत गेलं. आता उरलेल्यांत चोर होता. जो उठेल त्याच्याकडे सगळे डोळे. धाकलू येडगे उठला आणि वाटीपर्यंत येऊन थांबला.

"काय रं?" भावजी म्हणाले.

"आबा, म्हस राहू द्या. एकदा मी... मॅचच्या दिवशी टीव्ही जोडला होता. मेहुण्याचा. पेटीच्या अलीकडनं."

पटांगण उसळलं. "सापडला!" कुणीतरी ओरडलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरतोय असं वाटलं. दोघं-तिघं त्याच्या अंगावर धावले.

"एकच दिवस!" धाकलू केविलवाणा झाला. "दुसऱ्या दिवशी मेहुणा टीव्ही घेऊन गेला. विचारा माझ्या बायकोला!"

"टीव्ही नेला ते मी बघितलंय," राणूआजा म्हणाला. "माझ्याच दारावरनं गेला डोक्यावर घेऊन. एका दिवसाच्या मॅचनं दोन महिने अंधार पडतोय व्हय? बस खाली, येड्या."

धाकलू बसला आणि माझा धोंडा पुन्हा छातीवर आला.

शेवटी भावजी राहिले. वाटी खाली ठेवून ते उभे राहिले, टोपी नीट केली, चिमूट घेतली. त्यांना म्हशीची शपथ पुरली नाही.

"बिरोबा, माझ्या घरानं वाट्याच्या वर काडीभर वापरलं असंल तर माझ्या जानूचं..." पुढचं त्यांनी मनातच म्हटलं असावं.

सगळी घरं संपली. वरच्या रानात एक मोर ओरडला, तेवढाच आवाज.

"झालं," राणूआजा म्हणाला. "सगळ्यांनी उचलला. आता खोटं कोण बोललं म्हणायचं?"

कुणीच खोटं बोललं नव्हतं. हे मला तेव्हा कळत होतं आणि मला वाटतं सगळ्यांनाच कळत होतं. त्या हळदीवर हात ठेवून खोटं बोलणारं माणूस आमच्यात नव्हतं. मग दिवे जातात कुठं? मी उंबऱ्याजवळच उभी होते. माझ्या एका बाजूला उन्हाची झळ लागत होती, ती समजत होती. दुसऱ्या बाजूलाही झळ लागत होती. गाभाऱ्याच्या बाजूला. मी तिकडे बघितलं आणि बोलून गेले.

"देव राहिला."

"काय म्हणालीस?" भावजी पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"देवानं उचलला न्हाई अजून."

बायांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी "शिव शिव" म्हटलं. भागोजी मात्र ताडकन उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आबा, देवळाला पेटी न्हाई," तो म्हणाला. "तारा ओढल्या तेव्हा संस्थेचा माणूस म्हणाला होता, देवळालाही बसवू. तुम्हीच म्हणालात, देवाला कसला मीटर? सगळे हसलो आपण. तेव्हा तिथं बारका बल्ब होता. आता..." त्यानं गाभाऱ्याकडे हात केला. "हा दसऱ्याला लावला. तेव्हापासनं रात्रंदिवस जळतोय."

"किती वीज खातो तो?" कुणीतरी विचारलं.

"मला काय ठाऊक? पण त्याच्याजवळ हात नेला तर पोळतो. आपल्या घरातल्या बल्बाला पोरं हात लावून खेळत्यात."

सगळे त्या दिव्याकडे बघत राहिले. इतके दिवस डोळ्यांसमोर होता आणि कुणी तो मोजला नव्हता. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या कुडाला कान लावला होता. घर वापरतं, माणूस वापरतो. देवाचं कुठं वापरणं असतं?

"एक दिवस बंद करून बघू," राणूआजा सावकाश म्हणाला. "सांजचे दिवे टिकले तर ठकूवरचा बोल जाईल."

"दिव्याला कुणी हात लावायचा न्हाई!"

भावजींचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"नवसाचा दिवा हाय तो. जानू मुंबईत कावीळ होऊन आडवा पडला होता, डॉक्टरनं आशा सोडली होती, तेव्हाचा नवस. देवापुढं अखंड दिवा जळंल, तेवढं पोरगं वाचव. वाचवलं त्यानं. आता तुम्ही विझवा म्हणता? आणि उद्या त्याला काय झालं तर?" ते माझ्याकडे बघत नव्हते, पण बोट माझ्याकडे होतं. "तिला विचारा. तिच्या मशीनपायी माझ्या पोराचा दिवा विझवायचा. ती भरून देणार हाय का पोरगं?"

जानू लहान असताना अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, वर्षभर आजारी होती. तेव्हा तो माझ्याच पाठीवर बांधलेला असायचा. म्हशीच्या मागं, पाण्याला, बाजाराला. मला लोक विचारायचे, तुझाच का? मी व्हय म्हणायचे.

बटण बाहेरच्या भिंतीवर होतं, माझ्यापासून चार हातांवर. दाबलं असतं तर मी सुटले असते. म्हशी राहिल्या असत्या, घर राहिलं असतं. आणि मुंबईत त्याला नुसती शिंक आली असती तरी मला वाटलं असतं, मी केलं.

"भागोजी," मी म्हणाले, "चल. वायर काढ माझी."

"काकी, पण..."

"चल म्हणते न्हवं? नको विझवायला तो दिवा."

मी पायऱ्या उतरायला लागले. तेवढ्यात बायांमधून अक्का उठली. अक्का चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. घरातही भावजींनी विचारलं तर उत्तर देणार, तेही थोडक्यात. ती सरळ उंबऱ्याशी आली.

"बाजूला व्हा जरा," ती भावजींना म्हणाली.

"तू बस जा."

"नवस कुणाचा हाय?"

"काय?"

"नवस कोण बोललं होतं? तुम्ही जानूजवळ दवाखान्यात होतासा. हितं देवाच्या पायरीवर डोकं आपटत कोण बसलं होतं?"

भावजी उंबऱ्यातून अर्धं पाऊल बाजूला सरले.

"मी बोलले होते," अक्का म्हणाली. "आणि मी तेलाचा दिवा बोलले होते. रोज सकाळी येईन, तेल घालीन, सांजंला येईन, माझ्या हातानं वात सारीन, जन्मभर चुकणार न्हाई. असा नवस होता माझा. पोरगं बरं झालं, त्यानं मुंबईहून हा डबा पाठवला, तुम्ही बटण दाबलं, म्हणालासा फिटला नवस, आता तुला यायचीही गरज न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "मला एक दिवस वात सारायला मिळाली न्हाई. रोज घाबरून झोपते मी. नवस फिटलाच न्हाई माझा."

तिनं कोनाड्यातली जुनी पणती काढली. कुणाच्या तरी घरून तेल आलं. आमच्यात बायका गाभाऱ्यात जात नाहीत, म्हणून तिनं उंबऱ्यावर बसूनच वात वळली. वळताना ती दोनदा सुटली. पणती पेटवून तिनं भावजींच्या हातात दिली. ते बराच वेळ ती धरून उभे राहिले. मग वाकून आत गेले आणि देवापुढं ठेवून आले.

अक्का उठली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

एकदम काही दिसेना. गाभारा काळा झाला. मग डोळे निवले तसा आधी पणतीचा थेंब दिसला, मग टाकाची कड, मग देवाचे डोळे.

त्या संध्याकाळी वाडीतले दिवे गेले नाहीत. जेवणं झाली, भांडी झाली, तरी जळत होते. पोरं या दारातून त्या दारात ओरडत पळत होती. धाकलू मेहुण्याला टीव्ही परत आणायला सांगतो म्हणाला आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या. माझ्या दारात चारजणी येऊन बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. कुणी चुकलं म्हटलं नाही, पण बसल्या.

माझं मन तिथं नव्हतं. मी उठून टेकाडाकडे गेले. आमच्याकडे फोनला रेंज फक्त तिथं, एका खडकाजवळ. भावजी आधीच तिथं होते. फोन लावत होते, लागत नव्हता. पुन्हा लावत होते. मी थोडी मागं थांबले. त्यांनी मला बघितलं, पण जा म्हणाले नाहीत.

एकदाचा लागला.

"जानू? बरा हायस न्हवं?... ताप-बिप?... खाल्लंस?... न्हाई, सहज." मग म्हणाले, "तुझा दिवा काढला रं आम्ही. देवाचा."

पलीकडून जानूचा आवाज मलाही ऐकू येत होता. "का, उडाला काय? दुसरा पाठवू? आमच्या मॉलमध्ये पोतंभर पडल्यात काढलेले."

"नको, नको. हितं सगळ्यांचे दिवे जात होते त्याच्यापायी." भावजींनी कपाळ पुसलं. "तुमच्याकडं जातो का रं लाइट?"

"हितं? हितं कधीच जात न्हाई, आबा."

"आणि दुकान बंद झाल्यावर? तूच बंद करतोस का?"

जानू हसला. "कुणीच करत न्हाई. चार वर्षं झाडू मारतोय मी हितं, त्याचं बटण कुठं हाय ते मला अजून दिसलं न्हाई."

खाली धरणाचं पाणी काळं दिसत होतं. भावजींनी फोन माझ्यापुढं धरला.

"ठकू," ते म्हणाले, "घे. तू बोल त्याच्याशी."